गालिच्याचे पैसे कुणी दिले?

१

मावशीच्या पाळणाघरात त्या दुपारी जो गुन्हा उघडकीला आला, त्यात काहीही चोरीला गेलं नव्हतं. उलट वस्तू जास्त निघाल्या. पोलिसांत जाऊन "आमच्याकडे एक गालिचा जास्त आहे" असं सांगायची सोय नसल्यामुळे आणि घरात रिकामा माणूस मी एकटाच असल्यामुळे तपास माझ्याकडे आला.

गुन्हा उघडकीला आणला तो मावशीच्या कर सल्लागारबाईंनी. मावशी त्यांना पाठीमागे वजाबाई म्हणते, कारण त्या आल्या की काहीतरी वजा करूनच जातात. त्या दिवशी त्या मुलांच्या बुटक्या टेबलाशी, मुलांच्याच बुटक्या खुर्चीत बसल्या होत्या. गुडघे हनुवटीला लागत होते, तरी दरारा कमी झाला नव्हता. शेजारच्या खोलीत मुलं झोपली होती, म्हणून सगळं संभाषण कुजबुजत चाललं होतं. कुजबुजत सांगितलेली वाईट बातमी जास्त वाईट वाटते.

"ताई, ही बिलं तुमची नाहीत," वजाबाई म्हणाल्या.

"डब्यातच होती ना?" मावशी म्हणाली. "मग माझीच."

डबा म्हणजे दारातल्या चपलांच्या कपाटावरचा बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. मागच्या वर्षी मावशीने निम्मी बिलं हरवली आणि वजाबाईंनी तिची अशी हजेरी घेतली की मावशीने घरात कायदाच केला. पाळणाघराचा सगळा खर्च हिरव्या कार्डाने. घरचा खर्च लाल कार्डाने. रोख कुणीही काही घ्यायचं नाही. आणि वस्तू घरात आली की आधी बिल डब्यात, मग वस्तू जागेवर. हा कायदा इतका मुरला होता की एकदा एका अडीच वर्षांच्या मुलीने आपली केळ्याची साल डब्यात टाकली. तीही वजाबाईंपर्यंत गेली होती. त्यांनी ती नामंजूर केली.

"हिरव्या कार्डाच्या खात्याशी मी एकेक बिल लावून बघितलं," वजाबाई म्हणाल्या. "डायपर जुळले. साबण जुळला. रंगीत खडू जुळले. विजेच्या बिलातला खोलीचा हिस्सासुद्धा जुळला. ही मात्र जुळत नाहीत. सगळी रोखीची." त्यांनी ती पत्त्यांसारखी टेबलावर मांडली. गालिचा. रबरी चाकांची ढकलगाडी. कापडी ठोकळे. खुर्चीच्या पायांना चिकटवायच्या मऊ चकत्या. मुलांचे जाड मोजे. दार आपटू नये म्हणून लावायचं रबर.

"पण या वस्तू घरात आहेत," मी म्हणालो. "तुमचे पाय आत्ता त्याच गालिच्यावर आहेत."

वजाबाईंनी पाय थोडे वर उचलले. पुराव्यावर पाय ठेवणं त्यांना आवडलं नसावं.

"तेच तर. वस्तू घरात आहेत आणि पैसे कुठूनच गेलेले नाहीत. कर खात्यातला माणूस याचे दोनच अर्थ लावेल. एक, तुम्ही काही पालकांकडून रोख फी घेता, ती दाखवत नाही आणि त्यातून खरेदी करता. दोन, तुम्ही दुसऱ्यांची बिलं गोळा करून आपला खर्च फुगवता."

"फाडून टाकूया का?" मी विचारलं.

"बिल फाडता येईल. गालिचा फाडणार?"

मी गालिच्याकडे बघितलं. चांगल्यापैकी जाड होता.

"हे पैसे कुणाचे ते कळल्याशिवाय मी रिटर्नवर सही करणार नाही," वजाबाई उठत म्हणाल्या. खुर्चीही त्यांच्याबरोबर उठली. मी ती मागून सोडवली. "उद्या संध्याकाळपर्यंत मुदत आहे. रिटर्नची पोच जोडली नाही तर परवान्याचं नूतनीकरण होणार नाही, आणि परवाना नसेल तर पाळणाघर बंद. मला माफ करा ताई, पण माझी सही म्हणजे माझी सही."

त्या गेल्यावर मावशीने एका झोपलेल्या मुलाचं पांघरूण सारखं केलं. मग हळूच म्हणाली, "कुणीतरी मला अडकवायला बघतंय रे."

"कोण?"

तिने बोटाने खाली जमिनीकडे दाखवलं. मला आधी वाटलं, पाताळ. मग कळलं, खालचा मजला.

२

खालच्या मजल्यावर एक आजोबा राहतात. पाळणाघर सुरू झालं तेव्हा ते एकदाच वर आले होते. दारात उभे राहिले, "खुर्च्या" एवढा एकच शब्द बोलले आणि निघून गेले. तेव्हापासून मावशी त्यांना जिन्यात बघितलं की उगाच एखाद्या मुलाचा हरवलेला बूट शोधायला लागते. आजोबा रीतसर तक्रार करणार आणि परवाना जाणार, ही तिची जुनी भीती. "आता वर्ष उलटून गेलं, एक चकार शब्द नाही. हे मला बरं लक्षण वाटत नाही," ती म्हणाली.

पण चांगला तपास घरापासून सुरू होतो. म्हणून मी आधी काकांना गाठलं. काका, म्हणजे मावशीचे यजमान, हे संशयित म्हणून अगदी सोयीचे होते. घरचा कायदा काहीही असो, ते कार्ड वापरत नाहीत. सगळे व्यवहार रोख. शिवाय पाळणाघरावर त्यांचा एक जुना राग आहे.

"राग कसला?" काका सोफ्याच्या एका टोकाला बसून म्हणाले. "मागच्या वर्षी ती वजाबाई फीत घेऊन आली आणि तिने माझं घर मोजलं. कुठली खोली किती वेळ धंद्याची, कुठली घराची. हा सोफा संध्याकाळी सहापर्यंत धंद्याचा आहे. म्हणजे आत्ता मी इथे कोण आहे, सांग."

"कोण?"

"अतिक्रमण."

"काका, गालिचा तुम्ही आणलात का?"

काकांनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, त्यात दुखावलेपण आणि कीव यांचं निम्मं-निम्मं मिश्रण होतं. "स्वतःच्या खिशातले पैसे घालून मी गुन्हा करीन, असं वाटतं तुला?"

मी काकांना निर्दोष सोडलं. याहून भक्कम बचाव मी वाचलेला नाही.

"मग गालिचा आला तेव्हा तुम्हाला नवल नाही वाटलं?"

"मला वाटलं तुझ्या मावशीने आणला. मला विचारून काय आणतात या घरात? मलाच विचारून आणलेलं नाही."  मग आवाज उतरवून म्हणाले, "हे बघ, मी बोलतो ते सोडून दे. मी नोकरीवरून घरी बसलो तेव्हा हे घर या पोरांनी चालवलं. ती डायपरवाली मंडळी. ते बंद पडता कामा नये. सापडेल ना रे तो माणूस?"

काकांनी मला पहिल्यांदाच काहीतरी मागितलं होतं. मी "सापडेल" म्हणालो आणि लगेच उठलो.

३

दुसरा संशय मदतनीस ताईंवर. त्या मावशीकडे पहिल्यापासून आहेत आणि लवकरच स्वतःचं पाळणाघर काढणार आहेत, असं काका म्हणाले होते. एक पाळणाघर बंद झालं की मुलं दुसरीकडे जाणार, हे कळायला गुप्तहेर लागत नाही.

मी बिलं घेऊन गेलो तेव्हा त्या दुधाच्या बाटल्या उकळत होत्या.

"ताई, स्पष्टच विचारतो. डब्यात ती बिलं कुणी टाकली?"

"मी," त्या म्हणाल्या.

रहस्यकथेत इतक्या लवकर कबुली दिली तर पुढे काय करायचं, हे मला ठाऊक नव्हतं. 

"म्हणजे," मी म्हणालो, "मावशीला अडकवायला?"

ताईंनी गॅस बारीक केला. "डोकं ठिकाणावर आहे का? दारात पिशवी यायची. सकाळी मी आले की दाराला लटकवलेली. गालिचा आणि गाडी तेवढी खाली टेकवलेली. कापडी पिशवी, आत वस्तू आणि बिल. मला वाटायचं, मावशींनी मागवलं. मग काय करणार मी? मावशींनीच शिकवलंय. आधी बिल डब्यात, मग वस्तू जागेवर."

"आणि मावशीला?"

"मला वाटलं ताईंनी आणलं," मावशी मागून म्हणाली. ती केव्हा येऊन उभी राहिली होती कळलं नाही. "मी मनात म्हणायचे, बाई किती जपून घेते, मऊ बघून घेते."

"आणि मला वाटायचं, मावशींना किती सुचतं," ताई म्हणाल्या.

वर्षभर या दोघी एकमेकींचे मनातल्या मनात आभार मानत होत्या. एकीने तोंड उघडून "गालिचा छान आणलास" म्हटलं असतं, तर तपास तिथेच संपला असता. पण आभार मानायचे तर मनातच, अशी या घराची पद्धत. तोंडावर मानले तर कुणीतरी आजारी आहे असं वाटतं.

"आणि नवीन पाळणाघर?" मी ताईंना विचारलं, कारण प्रश्न तयार होता.

"काढीन की. पण पुढच्या गल्लीत, आणि मावशी सांगतील तेव्हा. रिकाम्या हाताने आले होते मी इथे. मुलांना कसं धरायचं इथपासून हिशेब कसा ठेवायचा इथपर्यंत सगळं यांनी शिकवलं. मी यांना अडकवीन?" त्यांनी चिमट्याने एक बाटली काढून पालथी घातली. "एक सांगू? या बिलात एक गडबड आहे. हे बघा. मऊ चकत्या, आणि खाली लिहिलंय, वाकवायच्या प्लॅस्टिकच्या नळ्या. पेय प्यायच्या. त्या पिशवीत नव्हत्याच. आणि आपण नळ्या वापरत नाही. आपली मुलं पेल्यानं पितात, नाहीतर अंगावर ओततात."

म्हणजे पिशवी लटकवणाऱ्या माणसाने सगळं आम्हाला दिलं होतं, नळ्या मात्र स्वतःकडे ठेवल्या होत्या.

४

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्या सगळ्या वस्तू ओळीने मांडल्या. समोरच्या ओळीत मावशीने हिरव्या कार्डाने घेतलेल्या वस्तू मांडल्या. मग दोन ओळींच्या मध्ये मांडी घालून बसलो आणि विचार करू लागलो. मला वाटतं, असंच करतात.

पिशवीवाल्याला मुलांबद्दल काय वाटतं, हे वस्तूंवरून ओळखायचं होतं. महाग वस्तू? नाही, ढकलगाडी स्वस्तातली होती. शिकवणाऱ्या वस्तू? मोज्यांनी कोण शिकतं? एकाच रंगाच्या? नाही. मुदत संध्याकाळची होती आणि वजाबाई मुदतीच्या आधी येणाऱ्यांतल्या.

तेवढ्यात एक मुलगा उठून आला. आम्ही त्याला साहेब म्हणतो, कारण तो हात मागे बांधून चालतो. साहेबांनी मावशीच्या ओळीतली पत्र्याची डफली उचलली आणि आपटली. आतून दुसरं मूल रडलं. मग साहेबांनी लाकडी ठोकळ्यांचा डबा पालथा केला. तिसरं मूल उठलं. मग शिट्टी. मी शिट्टी काढून घेतली, तर साहेब दुसऱ्या ओळीकडे वळले. कापडी ठोकळे फेकले. काही नाही. ढकलगाडी भिंतीवर नेऊन धडकवली. काही नाही. खुर्ची खोलीभर ओढत नेली आणि माझ्याकडे वळून निराश चेहऱ्याने बघितलं.

मी त्या चेहऱ्याकडे बघत राहिलो. वस्तू काय करतात, हे मी कालपासून शोधत होतो. प्रश्न उलटा होता. या वस्तू काय करत नाहीत?

गालिचा, चकत्या, मोजे, रबर, कापड. पिशवीतून आलेली एकही वस्तू आवाज करत नव्हती. आणि मावशीने स्वतः निवडून आणलेल्या एकूण एक वस्तूचा आवाज होत होता. मावशीला शांतता विकत घ्यायची कधीच बुद्धी झाली नव्हती, आणि दुसऱ्या कुणीतरी वर्षभर आमच्या दारात शांतताच आणून लटकवली होती.

आता प्रश्न सोपा झाला. आमच्या जमिनीवर आवाज झाला नाही, तर फायदा कुणाचा?

मी मावशीला हाक मारली. तिने सगळं ऐकून घेतलं, आणि पहिल्यांदा जिन्यात बूट न शोधता माझ्याबरोबर सरळ खाली उतरली.

५

आजोबांनी दार उघडलं. हातात पेला होता.

"आजोबा, तुम्ही आमच्याकडे शेवटचे कधी आला होता?" मी विचारलं.

"एकदाच. सुरुवातीला."

"नंतर कधीच नाही?"

"कशाला येऊ?"

"काही नाही. आमचा तो निळा गालिचा धुवायचाय, तर..."

"निळा कुठला? हिरवट आहे," आजोबा म्हणाले. आणि तोंड उघडं ते तसंच राहिलं.

हातातल्या पेल्यात वाकवलेली प्लॅस्टिकची नळी होती. मी ती मावशीला दाखवणार होतो, पण तिचं लक्ष आजोबांच्या मागे गेलं होतं. आतल्या खोलीत पलंगावर एक आजी पडून होत्या. उशाशी खिडकी, आणि चेहरा छताकडे.

"ती पडली तेव्हापासून उठत नाही," आजोबा म्हणाले. "खुब्याचं हाड. वर खुर्ची ओढली की दचकते, आणि दचकली की कळ जाते. म्हणून आलो होतो वर."

"मग तसं सांगायचं ना," मावशी म्हणाली. "मी मुलांना अजिबात आवाज करू दिला नसता."

"म्हणूनच नाही सांगितलं," आजोबा म्हणाले.

मावशीला कळलं नाही. मलाही नाही.

"तुम्ही दार उघडलंत तेव्हा मी बोलायलाच आलो होतो. 'खुर्च्या' म्हणालो, आणि तेवढ्यात तुम्ही मागे वळून मुलांना दटावलंत. सगळी गप्प झाली. खाली आलो तर ही मला विचारते, काय केलंत, मुलं कुठे गेली?" ते पेल्यातली नळी उगाच फिरवत होते. "तिला दिवसभर तेवढंच असतं हो. मला खुर्च्या बंद हव्या होत्या. मुलं नको होती बंद. ते तुम्हाला कसं समजावून सांगायचं? मग म्हटलं, आपणच आणावं."

"आणि बिल कशाला ठेवायचात पिशवीत?" मी विचारलं. हा एकच मुद्दा माझ्या डोक्यात अडकला होता.

"माप चुकलं तर बदलून घेता यावं म्हणून. मोज्यांचं काय सांगावं?"

इतकं साधं. आजोबांनी बिल ठेवलं ते मोज्यांच्या काळजीपोटी, आणि आमच्या शिस्तीच्या घराने ते डब्यात घालून थेट कर खात्याच्या दारात नेलं. ज्यांनी आम्हाला वर्षभर जपलं त्यांच्याच भेटीपायी आमचं पाळणाघर बंद व्हायची वेळ आली होती, आणि यात चूक कुणाचीही नव्हती. असा गुन्हा मी तरी ऐकलेला नाही.

"कोण आलंय?" आतून आजींचा आवाज आला. "वरच्या आहेत का? विचारा बरं, त्या घोगऱ्या आवाजाच्या मुलाचा खोकला गेला का."

मावशी चपला काढून आत गेली आणि त्यांच्या उशाशी बसून म्हणाली, "गेला." 

६

वजाबाई मुदतीच्या पुष्कळ आधी आल्या. सगळं ऐकून घेतलं, आजोबांना वर बोलावून घेतलं, आणि त्यांच्याकडून दोन ओळी लिहून घेतल्या की वस्तू त्यांनी स्वखुशीने दिल्या.

"आता दोन वाटा आहेत," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षाच्या हिशेबात तुम्ही यांना हिरव्या कार्डाच्या खात्यातून पैसे देऊन टाका. मग तो तुमचा खर्च, तेव्हा दाखवा. नाहीतर ही भेट समजा. मग ही बिलं तुमच्या खर्चात कधीच येणार नाहीत. जे पैसे तुमचे गेले नाहीत, तो खर्च तुमचा नाही."

"मी देते पैसे," मावशी लगेच म्हणाली. "आजोबा, आकडा सांगा."

"मी घेणार नाही."

"अहो, पण..."

"मी हिच्यासाठी आणलं. तुमच्यासाठी आणलं असतं तर घेतले असते."

"घ्या की," काका न राहवून म्हणाले. ते अतिक्रमणाच्या जागेवर बसले होते. "म्हणजे, आमच्या फायद्याचं आहे, म्हणून म्हणतो. ही बिलं काढली की कर वाढतो."

"तुम्ही खाली या," आजोबा म्हणाले, "तिला सांगा, की या गालिच्याच्या औषधाचे पैसे तुमच्या नवऱ्याने आमच्याकडून वसूल केले."

काका सोफ्याच्या आणखी टोकाला सरकले. काकांना पैशाच्या बाबतीत गप्प करणारा दुसरा माणूस मी बघितलेला नाही.

मावशीने ती बिलं एकेक करून बाजूला काढली. गालिच्याचं सगळ्यात शेवटी काढलं. वजाबाईंनी आकडे नव्याने मांडले, वाढलेला कर मावशीला दाखवला आणि नेहमीप्रमाणे ती काहीतरी बोलेल म्हणून थांबल्या.

"भरते," मावशी म्हणाली. "एरवी कर भरताना मला वाटतं, कुणीतरी माझ्याकडून काढून घेतंय. आज तसं काही वाटत नाहीये."

वजाबाईंनी सही केली. पोच आली, परवान्याच्या अर्जाला जोडली गेली. निघताना त्यांनी वाकून, कुणी बघत नाही असं समजून, गालिच्यावरून एकदा हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी मुलांची झोप झाल्यावर मावशीने सगळ्यांना जाड मोजे घातले, ओळीत उभं केलं आणि खाली नेलं. ताईंच्या कडेवर दोन मुलं, माझ्या कडेवर एक. काका सगळ्यांच्या मागे, मोजे मोजत. आजी पडल्या पडल्या डोळे मिटून म्हणाल्या, "थांबा, नावं सांगू नका. एकेक जण बोला."

साहेब बोलले. आजींनी ओळखलं, "हा शिट्टीवाला." एक मुलगी बोलली. "ही गाणं अर्धं सोडते. पुढचं मला म्हणावं लागतं." घोगऱ्या आवाजाचा मुलगा बोलायच्या आधी खोकला, तेव्हा आजींनी मान वळवून माझ्या मावशीकडे जरा रागाने बघितलं.

मग मी म्हणालो, "नमस्कार आजी. कशा आहात?"

आजींनी डोळे उघडले आणि मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. बराच वेळ लागला, कारण मी बराच उंच आहे.

"हा तो?" त्या मावशीला म्हणाल्या. "मला किती दिवस काळजी वाटत होती. बाकीची मुलं संध्याकाळी जातात, याचा आवाज मात्र रात्रीपर्यंत येतो. म्हटलं, याचे आईवडील इतके कसे विसराळू?"

"काय सांगू आजी," मावशी म्हणाली. "फी पण देत नाहीत."

"असू दे. ठेवून घे," आजी म्हणाल्या.

मावशीने हो म्हटलं. मी कडेवरचं मूल खाली ठेवलं, साहेब थोडे सरकले, आणि मी त्यांच्या शेजारी ओळीत जाऊन बसलो.